बीकर आणि टाकी

आज केमिकल इंजिनिअरिंगचा इतिहास सांगायचा आहे, पण सुरुवात माझ्या घरापासून करतो.

मे १९८५. वडोदऱ्यात रसायनशास्त्रातलं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपवून मी घरी सांगितलं, "मला केमिकल इंजिनिअरिंगला जायचंय, पुन्हा पहिल्या वर्षापासून." बाबा म्हणाले, "दोन वर्षं वाया गेली, ते सोडून देऊ. पण भोपाळ होऊन सहा महिनेसुद्धा झाले नाहीत. त्याच धंद्यात शिरायचं तुला?"

तेव्हा मी निरुत्तर झालो. उत्तर पुढे या विषयाच्या इतिहासातच सापडलं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये साबण आणि काचेसाठी लागणारा सोडा मिठापासून बनवत. धुराड्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे आणि आसपासची झाडं, पिकं करपत. म्हणून १८६३ मध्ये अल्कली कायदा आला आणि निरीक्षक नेमले गेले. पुढे या निरीक्षकांत जॉर्ज डेव्हिस होते. अनेक कारखाने पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की माल वेगळा असला तरी कामं तीच असतात: तापवणं, निववणं, गाळणं, सुकवणं, ऊर्ध्वपातन. म्हणजे ती शास्त्र म्हणून शिकवता येतील. १८८७ मध्ये मँचेस्टरला त्यांनी यावर १२ व्याख्यानं दिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीने अभ्यासक्रम काढला. १९१५ मध्ये आर्थर लिटल यांनी या कामांना 'युनिट ऑपरेशन्स' हे नाव दिलं. आपल्याकडे जादवपूरला १९२१ मध्ये हे शिक्षण सुरू झालं, तर मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये.

मग हा इंजिनिअर नेमकं करतो काय? एक साधा हिशेब पाहा. भांडं लांबी, रुंदी आणि उंचीला दसपट केलं, तर आतला माल हजारपट होतो, पण भिंतींचं क्षेत्रफळ फक्त शंभरपट वाढतं. उष्णता तयार होते मालात, बाहेर पडते भिंतींतून. त्यामुळे बीकरमध्ये निमूटपणे होणारी अभिक्रिया टाकीत भडकू शकते. हे आधीच ओळखून थंडाव्याची, झडपांची आणि सुटलेला वायू अडवण्याची सोय करणं, हे आमचं काम.

भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट असलेल्या टाकीत पाणी शिरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. सुटलेला वायू जाळून टाकणारी व्यवस्थाही बंद होती. हजारो माणसं गेली.

शेवटच्या वर्षाला असताना बाबांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, "बाबा, हा विषय ज्यांनी पहिल्यांदा शिकवला, ते धूर तपासणारे होते. ते काम आम्ही विसरलो की भोपाळ होतं." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नोकरी लागली की पहिल्या दिवशी ती थंड ठेवणारी यंत्रणा बघून ये."

पहिल्या दिवशी मी तेच केलं. पुढच्या भागात भेटू.