शांतता समितीचा चहा

७ मे १९७० ला भिवंडीत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. दुसऱ्याच दिवशी आपलं जळगाव. दोन्हींची चौकशी मादन आयोगाने केली.

१९८४ ला भिवंडी पुन्हा पेटली. पण डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. का? तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या बसवल्या होत्या. दोन्हीकडची साधी माणसं नियमित भेटायची, किरकोळ भांडणं तिथंच मिटायची.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी ६ शहरं तपासून २००२ च्या पुस्तकात हेच सांगितलं. शहरात नुसता शेजार पुरत नाही. व्यापारी संघ, कामगार संघटना अशा ठिकाणी दोघं एकत्र असले, तर अफवा पसरण्याआधीच मरते.

आणि आपल्या पाचोऱ्यात? सण आला की शांतता समितीची बैठक. तीच तोंडं, चहा, फोटो. तो फोटो मीही छापतो. पण मंडळी, सण संपल्यावर पुढचे कित्येक महिने एकत्र कोण बसतं?

दंगल एका रात्रीत होते. ओळख नाही होत.