काठी फिरवणारा मेहता

सावलीला झाडीपट्टीचं नाटक रात्रभर जागून बघायचो, तेव्हा माझं लक्ष नटांपेक्षा ऑर्गनवाल्याकडे. नट सूर चुकला की हा गडी मानेनेच तबलजीला खुणावून सगळं सावरून घ्यायचा. म्हणूनच "ऑर्केस्ट्राचा कंडक्टर काय, नुसती काठी फिरवतो!" असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं.

झुबिन मेहता घ्या. जन्म मुंबईचा, १९३६ चा. वडील मेहली यांनी आदल्याच वर्षी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढलेला. पोरगा मात्र डॉक्टरकीच्या वाटेवर (ओळखीचं वाटतंय ना?). ती सोडून १९५४ साली, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला. हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग, जोडीला डबल बास. बड्या कंडक्टरांच्या तालमी बाहेरच्यांना बघता येत नसत. मग झुबिन आणि त्याचा मित्र क्लाउडिओ अबाडो चक्क कोरसमध्ये गायला लागले, कारायानचे हात समोरून दिसावेत म्हणून! कोड बघायला मिळावा म्हणून टेस्टिंगमध्ये शिरण्यातलाच प्रकार.

१९५८ ला लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली. मग मॉन्ट्रियल, लॉस एंजेलिस, १९७८ पासून तेरा वर्षं न्यूयॉर्क, १९९८ ते २००६ म्युनिकचा ऑपेरा. इस्रायल फिलहार्मॉनिक तर थेट २०१९ पर्यंत.

मला खुपतं ते वेगळंच. ही नोकरी करायला मुंबईत पूर्णवेळ पगारी ऑर्केस्ट्राच नव्हता. एनसीपीएमध्ये 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभा राहिला २००६ ला. तेव्हा झुबिन सत्तरीचा. आमच्या ऑर्गनवाल्याला निदान दिवाळीनंतर गावोगावची बोलावणी तरी असतात.