आरोळी एकाची, गाणे दुसऱ्याचे

वाद्यांचा कल्लोळ क्षणभर थांबावा, त्या पोकळीत एकच शब्द पडावा आणि पुन्हा वाद्यांनी उसळी घ्यावी, अशा रचनेची गाणी लोकप्रिय संगीतात कमी नाहीत. भाषा न येणाऱ्यालाही त्यांत सामील होता येते. कारण पाठ करायचा असतो तो अवघा एक शब्द. मात्र, ज्या शब्दामुळे गाणे ओळखले जाते, तो उच्चारणारा बहुधा अनोळखीच राहतो.

या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘द चॅम्प्स’ या वाद्यवृंदाचे ‘टकीला’. मेक्सिकोतील मद्याचे नाव असलेला हा शब्द त्यात केवळ तीनदा येतो. बाकी सारी करामत सॅक्सोफोनची. डिसेंबर १९५७ मध्ये हॉलिवूडच्या ‘गोल्ड स्टार’ स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली ही धून तबकडीच्या मागच्या बाजूसाठी, म्हणजे जागा भरण्यापुरतीच होती. पुढची बाजू श्रोत्यांनी बाजूला सारली आणि मार्च १९५८ मध्ये ‘टकीला’ ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कारांच्या पहिल्याच सोहळ्यात त्याला सन्मानही मिळाला. धून रचणारे, सॅक्सोफोन वाजवणारे आणि घोगऱ्या आवाजात तो शब्द उच्चारणारे डॅनी फ्लोरेस एकच. पण अन्य कंपनीशी करार असल्याने त्यांना ‘चक रिओ’ हे नाव घ्यावे लागले. गाण्याचे अमेरिकेतील हक्कही त्यांच्याकडे राहिले नाहीत. इतर देशांतील उत्पन्नावर त्यांचा हक्क होता, एवढेच. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले.

कॅलिफोर्नियातील ‘द सर्फारिस’ या किशोरवयीन मुलांच्या वाद्यवृंदाचे ‘वाइप आउट’ (१९६३) हेही तबकडीच्या मागच्या बाजूचेच. आरंभी फळी मोडल्याचा आवाज, मग विकट हास्य आणि शीर्षकाचे दोन शब्द. हे हास्य त्या मुलांपैकी कुणाचेही नव्हे, तर व्यवस्थापक डेल स्मॉलिन यांचे. रचनाकार म्हणून नावे लागली ती चौघा वादकांची.

याच सुमारास मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही अशीच आरोळी घुमली. सुबोध मुखर्जी यांच्या ‘जंगली’ (१९६१) या चित्रपटात बर्फावर बेभान झालेल्या शम्मी कपूर यांच्या तोंडी ‘याहू’ आले आणि ते आयुष्यभर त्यांना चिकटले. जोनाथन स्विफ्टने १७२६ मध्ये ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये रानटी माणसांना दिलेले हे नाव, चित्रपटाच्या शीर्षकाशी त्याचा जमलेला मेळ पाहण्याजोगा. (त्याच नावाची संगणकीय कंपनी यायला तेव्हा तीन दशके अवकाश होता.) गीत शैलेंद्र यांचे, संगीत शंकर-जयकिशन यांचे, गायक महंमद रफी. ‘याहू’ मात्र रफींचे नाही आणि शम्मी कपूर यांचेही नाही. तो आवाज प्रयाग राज यांचा. पृथ्वी थिएटर्सच्या मुशीत घडलेल्या या कलावंताने पुढे ‘अमर अकबर अँथनी’ची पटकथा लिहिली.

शम्मी कपूर यांच्याच ‘ब्लफ मास्टर’मध्ये (१९६३) दहीहंडीचा ‘गोविंदा’ आला. पण ती हाळी साऱ्या मुंबईचीच, तेव्हा मालकीचा प्रश्नच नव्हता. ‘याहू’चे तसे नाही. तबकडीवर गायक, गीतकार व संगीतकार यांना जागा असते. आरोळी देणाऱ्यासाठी वेगळा रकाना नसतो. सादरकर्त्याचे हक्क हा विषयच भारतीय कॉपीराइट कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, म्हणजे ‘जंगली’नंतर तेहतीस वर्षांनी.

शम्मी कपूर २०११ मध्ये गेले, तेव्हा ‘याहू’ हा शब्द बातम्यांच्या मथळ्यांत होता. प्रयाग राज यांचे सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत निधन झाले. ती आरोळी त्यांची होती, हे अनेक रसिकांना त्यांच्या मृत्युवार्तेतूनच प्रथम समजले असावे.