कोयनेची सहल

परवा नातीच्या शाळेतून सहलीचं संमतीपत्र आलं. ठिकाण वॉटर पार्क. बसला जीपीएस, मुलांचा विमा, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर फोटो. सूनबाई सही करत होती आणि मला आमचे भूगोलाचे सर आठवले.

आमच्या वेळी संमतीपत्र नव्हतं. सरच घरोघरी फिरायचे. "मुलीच्या जातीला एवढ्या लांब कशाला?" म्हणणाऱ्या आमच्या दादांची त्यांनी तासभर समजूत काढली, तेव्हा कुठे मला परवानगी मिळाली. १९६७ चा जानेवारी होता तो. मी नववीत होते. कराडहून पाटणमार्गे एसटीने कोयनानगर. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची फिरकीची तांब्या.

तेव्हा धरण बघणं म्हणजे देश बघणं होतं. १०३ मीटर उंचीची ती भिंत बघून आम्ही गप्पच झालो. सरांनी सांगितलं, की आपल्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणाऱ्या या कोयनेचं बरंचसं पाणी आता बोगद्यांतून पलीकडे कोकणात पडतं, पोफळीला वीज तयार करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. पूर्वेला निघालेली नदी माणसाने पश्चिमेला वळवली! कोणीतरी विचारलं, "सर, भूकंप झाला तर?" सर हसले. "हा दख्खनचा कातळ आहे. इथे मोठा भूकंप होत नाही." आम्ही ते वहीत लिहून घेतलं.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चारच्या पुढे मांडणीवरची भांडी धडाधड कोसळली. आजीने आम्हाला ओढतच अंगणात आणलं. कडाक्याच्या थंडीत सगळी आळी बाहेर उभी होती. मग बातम्या येत गेल्या. कोयनानगर उद्ध्वस्त झालं होतं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली होती. धरणाला तडे गेले, पण ते टिकलं. जलाशय भरू लागल्यापासून तिथे लहान धक्के बसत होते, हे आम्हाला नंतर कळलं. साठवलेल्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध सांगताना आज जगभर कोयनेचं उदाहरण देतात.

शाळा पुन्हा सुरू झाली त्या दिवशी सर वर्गात बराच वेळ नुसते उभे होते. मग म्हणाले, "मुलांनो, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पुस्तकात तसंच होतं, पण ते मी खात्रीने सांगितलं, ही चूक माझी." एक मुलगा रबर काढून ते वाक्य खोडायला लागला. सर म्हणाले, "खोडू नकोस. खाली तारीख घाल आणि आज जे कळलं ते लिही."

मोठ्या माणसाने वर्गासमोर चूक कबूल केलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पुढे मीही शिक्षिका झाले. फळ्यावर माझं काही चुकलं आणि मुलांनी दाखवून दिलं, की क्षणभर राग यायचा. मग सर आठवायचे.

आमची सहल थोर आणि आताच्या सहली पोरकट, असं मला म्हणायचं नाही. चाळीस मुलांमागे एक शिक्षक ही काही चांगली व्यवस्था नव्हती. आजचा विमा आणि नियम हवेतच. पण परत आल्यावर वहीत लिहावं असं काहीतरी मुलांना दाखवलं पाहिजे, एवढं मात्र वाटतं.

नातीने विचारलं, "आजी, तुमच्या सहलीत राइड्स नव्हत्या?" तिला म्हटलं, मे महिन्याच्या सुट्टीत चल माझ्याबरोबर कोयनेला. वही मात्र बरोबर घे.