औषधाची रिकामी शिशी

जुनी तलवार कोणी दाखविली तर आपण हात जोडतो. आजोबांच्या औषधाची शिशी माळ्यावर सापडली तर ती भंगारात जाते. सातारा-सांगलीच्या जुन्या बाजारांत अशा शिश्यांमागे आम्ही बरीच वर्षे हिंडलो आहो. लोक हसतात. हसोत बापडे!

आमच्या वैद्यांचे काचेवाचून फारसे अडत नसे. चूर्ण पुडीत जाई, आसव तुपाने माखलेल्या मडक्यात मुरे. घरोघरी शिशी आली ती डॉक्टरी मिक्श्चराबरोबर. मिरजेस वानलेस यांचे मिशन इस्पितळ 1894 साली उभे राहिले, त्या काळी चांगली काच बहुतेक परदेशचीच. पुढे 1908 साली तळेगावास पैसा फंडाचा कारखाना निघाला. 1914 च्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल अडला, आणि 1916 साली औंध संस्थानच्या आश्रयाने कराडजवळ ओगल्यांनी भट्टी पेटविली. त्यांचे नाव घरोघर झाले ते प्रभाकर कंदिलामुळे.

शिशीचे वय पाहावयाचे तर साच्याची शिवण पाहावी. ती गळ्याखालीच थांबली असेल, तर तोंड बहुधा कारागिराने हाताने घडविलेले. ओठावर चढली असेल तर काम यंत्राचे. निळी, अंगावर उभ्या कडा असलेली शिशी विषारी औषधाची. अंधारात चाचपणाऱ्या बोटांनाही ते कळावे, ही योजना.

पण खरे मोल काचेचे नव्हे, कागदाचे. शिशीच्या अंगास कंपाउंडर कात्रीने खाचा पाडलेली पट्टी डकवी. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीसही तेवढे पुरे होई. शिशी घरूनच धुऊन न्यावयाची. म्हणून कधी कधी एकीवर एक अशा दोन-तीन पट्ट्या सापडतात. एका घराची दुखणीच ती!

आमची पहिली शिशी आम्ही सोड्याच्या गरम पाण्यात घालून लख्ख केली. पट्टी विरघळली. उरली ती नुसती काच. तशी पन्नास मिळतील. सांगलीत 2005 आणि 2019 च्या महापुरांचे पाणी ज्या घरांत शिरले, तेथे असले कागद किती राहिले असतील?

तेव्हा शिशी सापडली तर धुऊ नका. कोणाच्या घरची, कोणत्या गावची, हे चिठ्ठीवर लिहून ठेवा. आणि आत काही उरले असेल तर बूच उघडून वास घेऊ नका. कुचल्याचे सत्त्वही त्या काळी औषधांत पडत असे.