धर्मप्रतिमेतील शरीर : एका वाचनपद्धतीचा इतिहास

धर्मप्रतिमेत मानवी शरीररचना दडलेली आहे, असे मानणारी वाचनपद्धती प्रबोधनकालीन चित्रांच्या संदर्भात विशेष गाजली. १९९० साली फ्रँक मेशबर्गर या अमेरिकन डॉक्टरांनी मायकेलअँजेलोच्या ‘आदमची निर्मिती’ या सिस्टिन चॅपेलमधील छतचित्रात ईश्वराभोवतीच्या वस्त्राचा आकार मेंदूच्या छेदाशी जुळतो, असे दाखवले. ईश्वर आदमला देत आहे ती बुद्धी, असा त्यांचा अन्वयार्थ.

हीच पद्धती मुंबईत त्याआधी सहा दशके अवतरली होती. डॉ. वसंत रेळे यांनी ‘द मिस्टिरियस कुंडलिनी’ (१९२७) या ग्रंथात कुंडलिनी म्हणजे व्हेगस हा मज्जातंतू, असे प्रतिपादन केले. १९३१ च्या ग्रंथात वैदिक देवतांना मज्जासंस्थेची रूपके ठरवले. पहिल्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे जॉन वुड्रॉफ यांनाच हे समीकरण मान्य नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दयानंद सरस्वतींनी नदीतून वाहत आलेले प्रेत चिरून त्यात चक्रे शोधली. ती न सापडल्याने ग्रंथ प्रेतासह प्रवाहात सोडून दिले. दयानंदांनी ग्रंथ त्यागले, रेळ्यांनी सावरले. निष्कर्ष परस्परविरोधी, कसोटी मात्र एकच : प्रतिमेचे सत्य शवविच्छेदनाने ठरावे. पाश्चात्त्य वैद्यकाच्या प्रतिष्ठेच्या काळात परंपरेला विज्ञानाची साक्ष मिळवून देण्याची निकड त्यामागे होती.

दोन्ही उदाहरणांतील पुराव्याचे मोल मात्र सारखे नाही. मायकेलअँजेलोने शवविच्छेदन केले होते, हे त्याच्या हयातीतील चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्यातून त्याचे ज्ञान सिद्ध होते; हेतू सिद्ध होत नाही. वैदिक ऋषींच्या बाबतीत मज्जासंस्थेच्या अशा ज्ञानाचाही पुरावा नाही. उरते ते केवळ आकारसाम्य, आणि ते वाचकाच्या प्रशिक्षित दृष्टीतून जन्मते.

या पद्धतीची खरी मर्यादा ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात उघड होते. तेथे जागृत झालेली कुंडलिनी देहातील मांस ग्रासते, सप्तधातू पिऊन टाकते, आणि मग त्या योगदेहाला नवी कांती चढते. जी प्रतिमा शरीररचनेलाच गिळते, तिला त्याच रचनेतील एका तंतूचे नाव देणे म्हणजे रूपकातील क्रिया वगळून केवळ वस्तू उचलणे होय. दडलेले शरीर सापडल्याच्या आनंदात येथे संहितेतील प्रकट शरीरच हरवते.