गोगलगाय, चाबूक आणि वाचक

घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागले, की डिंभे धरणाच्या जलाशयानंतर तळेघर येते. आंबेगाव तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यातून, भातखाचरांच्या आणि हिरड्याच्या मुलखातून, आमच्या वर्गात दरवर्षी काही मुले-मुली येतात. उपहास, उपरोध आणि विडंबन यांतील भेद शिकवताना एकदा आम्ही त्यांच्यासमोर एक जुने व्यंगचित्र ठेवले. शंकर यांनी काढलेले हे चित्र २८ ऑगस्ट १९४९ च्या 'शंकर्स वीकली'तले. 'संविधान' नावाच्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत, त्यांच्या हाती चाबूक आहे. मागे पंडित नेहरू उभे आहेत, त्यांनीही चाबूक उगारला आहे. पलीकडे पाहणाऱ्यांची गर्दी आहे.

तळेघरकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गोगलगाय चाबकाने थोडीच पळते? हात लावला तर ती अंग आत घेते. मग हा चाबूक कोणासाठी?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. परंतु हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीना, कारण मे २०१२ मध्ये संसदेपासून पुण्यापर्यंत जो वाद पेटला होता तो याच प्रश्नाचा होता. व्यंगचित्रकलेचा इतिहास आपण व्यंगचित्रकारांचा इतिहास म्हणून लिहितो. वाचकाने त्या चित्राचे काय केले, हा त्या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग असतो आणि तो सहसा कोरा राहतो. त्या कोऱ्या भागासंबंधी येथे काही मांडावयाचे आहे.

आरंभ इंग्लंडपासून करू, कारण वृत्तपत्रीय राजकीय व्यंगचित्र आपल्याकडे आले ते तेथून. मार्च १९४२ मध्ये लंडनच्या 'डेली मिरर'मध्ये फिलिप झेक यांचे एक चित्र प्रसिद्ध झाले. जहाज बुडाले आहे आणि खवळलेल्या समुद्रात एक खलाशी फळकुटाला बिलगून पडला आहे. खालच्या ओळीत पेट्रोलचा भाव एका पेनीने वाढल्याची सरकारी वार्ता आहे. झेक यांना सांगायचे होते ते इतकेच, की हे इंधन माणसांच्या प्राणांची किंमत देऊन येते, ते उधळू नका. त्यांनी योजलेली ओळ सौम्य होती. 'कॅसान्ड्रा' या टोपणनावाने लिहिणारे स्तंभलेखक विल्यम कॉनर यांनी ती बदलून धारदार केली. चर्चिल यांच्या मंत्रिमंडळाने मात्र चित्राचा अर्थ उलटा लावला. खलाशी मरत आहेत आणि तेलकंपन्या नफा कमावत आहेत, असे हे चित्र सुचवते, असे सरकारचे म्हणणे पडले. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी पत्राच्या चालकांना बोलावून पत्र बंद करण्याची धमकी दिली. ती पोकळ नव्हती, कारण १९४१ च्या जानेवारीत त्यांनी 'डेली वर्कर' बंद करून दाखवला होता. प्रकरण पार्लमेंटात गाजले आणि अखेर ताकिदीवर निभावले.

येथे चित्र एकच, रेषा त्याच, भाषा एकच, देशही एक. तरीही त्याचे दोन अर्थ झाले आणि दोन्ही प्रामाणिक होते. टीकेने धास्तावलेल्या सरकारला त्यात टीका दिसली. ज्या घरातला मुलगा नौदलात होता त्या घराला बहुधा समुद्र दिसला असेल. व्यंगचित्र कागदावर निम्मेच असते. उरलेले निम्मे वाचक आपल्या घरून आणतो.

ज्याचा हिशेबच धरलेला नाही असा वाचक जेव्हा पुढे येतो, तेव्हा गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. ऑगस्ट १९२५ मध्ये क्रिकेटपटू जॅक हॉब्ज याने डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या शतकांच्या विक्रमाशी बरोबरी केली. तेव्हा 'स्टार'मध्ये डेव्हिड लो यांनी इतिहासातील थोर व्यक्तींच्या मेळ्यात हॉब्जचा भव्य पुतळा उभा केला. थट्टा होती ती क्रिकेटवेड्या इंग्रजांची. परंतु त्या मेळ्यात प्रेषित महंमदही होते. लंडनमधील मुसलमानांनी हरकत घेतली आणि कलकत्त्याहून संतापाच्या वार्ता आल्या. लो यांच्या मनातला वाचक लंडनच्या आगगाडीत बसलेला होता. साम्राज्य एवढे पसरलेले असताना वाचक तेवढाच कसा राहील?

पुढे हेच लो नात्सी जर्मनीला इतके झोंबले, की १९३७ मध्ये जर्मनीला गेलेल्या लॉर्ड हॅलिफॅक्स यांच्याकडे त्यांच्याविषयी तक्रार करण्यात आली. परतल्यावर हॅलिफॅक्स यांनी मध्यस्थी केली आणि लो यांनी काही काळ आपली लेखणी आवरती घेतली. राज्यसंस्था हीदेखील एक वाचक असते आणि तिची वाचनाची तऱ्हा काळजीपूर्वक न्याहाळावी लागते. आपल्याकडे सप्टेंबर २०१२ मध्ये असीम त्रिवेदी यांना मुंबईत व्यंगचित्रांसाठी राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. तो आरोप पुढे मागे घेण्यात आला, आणि मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा कलमाच्या वापराला मर्यादा घालणारा निर्णय दिला. मॉरिसन आणि मुंबईचे पोलीस यांच्यात सत्तर वर्षांचे अंतर आहे; वाचनाची तऱ्हा तीच.

आता मुंबईकडे वळू. लंडनमध्ये १८४१ साली सुरू झालेल्या 'पंच'ची भावंडे हिंदुस्थानात लवकरच जन्माला आली. मुंबईत १८५४ मध्ये 'पारसी पंच' निघाले आणि पुढे बरजोरजी नवरोजी यांच्या हाती त्याचे 'हिंदी पंच' झाले. लखनौला १८७७ मध्ये उर्दू 'अवध पंच' आले. मूळ 'पंच'ने ऑगस्ट १८५७ मध्ये टेनिएल यांचे एक चित्र छापले होते. त्यात बंगाली वाघाने एक स्त्री आणि मूल खाली पाडले आहे आणि ब्रिटिश सिंह त्या वाघावर झेप घेत आहे. इंग्रज वाचकाला त्यात न्याय दिसला. या चित्रातला वाघ म्हणजे आपण, हे हिंदी वाचकाला कळायला भाष्यकाराची गरज नव्हती. त्या जातीच्या नियतकालिकाचे रूप उचलून हिंदी माणसांनी त्यातून साहेबाकडेच बोट दाखवायला सुरुवात केली, ही वाचकाने घेतलेली फेड होती. 'हिंदी पंच'मधली चित्रे लंडनचे डब्ल्यू. टी. स्टेड आपल्या 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज'मध्ये पुनर्मुद्रित करीत, म्हणजे चित्रांचा प्रवास उलट दिशेनेही होऊ लागला.

याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी एक वेगळे काम केले. १९०३ मध्ये सुरू झालेल्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये इंग्रजी पत्रांतली व्यंगचित्रे घेऊन ते त्यांचा अर्थ गुजरातीत समजावून देत. व्यंगचित्र आपोआप कळते, हा गैरसमज त्यांना नव्हता. ते वाचायला शिकवावे लागते. शिक्षकाच्या भूमिकेतून पाहता आम्हांला ही नोंद फार महत्त्वाची वाटते.

स्वातंत्र्योत्तर मुंबईतले दोन मोठे व्यंगचित्रकार, आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे, लो यांना मानणारे होते. म्हैसूरला लहानपणी लो यांची चित्रे पाहताना लक्ष्मण यांनी त्यांची इंग्रजी सही 'काऊ' अशी वाचली होती आणि बराच काळ त्यांच्या मनात तो चित्रकार 'गाय' या नावाने वावरला. वाचक चुकीचे वाचूनही योग्य गुरू शोधू शकतो, याचे यापेक्षा गोड उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. लक्ष्मण यांनी आपल्या वाचकालाच चित्रात आणून बसवले. चौकड्यांचा कोट घातलेला, एक शब्दही न बोलणारा तो सामान्य माणूस म्हणजे चित्राच्या आत उभा राहून चित्र पाहणारा वाचकच. ठाकरे यांचा वाचक मात्र चित्रातून बाहेर पडून रस्त्यावर आला. १३ ऑगस्ट १९६० रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते 'मार्मिक'चे प्रकाशन झाले. कचेऱ्यांतल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली येऊ लागल्या. वाचक थंड बसेनात, तेव्हा मथळाही बदलला आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. एका व्यंगचित्र-साप्ताहिकाच्या वाचकवर्गाचा राजकीय पक्ष होणे, ही जगाच्या व्यंगचित्रेतिहासातील विरळा घटना होय.

या कथेला एक उत्तरार्ध आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच पक्षाच्या 'सामना' दैनिकाच्या रविवार पुरवणीत मराठा समाजाच्या मूक मोर्चांविषयी एक व्यंगचित्र आले. 'मूक' आणि 'मुका' या शब्दांवर त्यात कोटी केली होती. लाखोंच्या संख्येने, एकही घोषणा न देता चाललेल्या लोकांना ती कोटी आपल्या दुःखाची टवाळी वाटली. दैनिकाच्या कार्यालयांवर दगडफेक झाली आणि पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांना माफी मागावी लागली. भाषा शिकवणाऱ्यांनी येथे थबकावे. एका ऱ्हस्व उकाराने आणि एका कान्याने एवढे घडले. कोटी व्याकरणात बसते की नाही, हा प्रश्नच गौण होता. ती कोणापुढे आणि कोणत्या घटकेला केली, हे निर्णायक ठरले.

आता गोगलगायीकडे परत येऊ. शंकर यांचे चित्र २००६ पासून एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होते. संविधान तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षे का लागली, हे विद्यार्थ्यांनी शोधावे अशी तेथे योजना होती. प्रश्न चांगला होता. ११ मे २०१२ रोजी संसदेत गदारोळ झाला, सरकारने चित्र मागे घेतले आणि पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या समितीने आणखी काही चित्रे वगळण्याची शिफारस केली, समितीतील एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र आपले वेगळे मत नोंदवले.

त्या वेळी आमच्यासारख्या अनेकांनी झटकन एक निकाल देऊन टाकला होता, की या लोकांना व्यंगचित्र कळत नाही. आज तो निकाल आम्हांला उथळ वाटतो. दलित वाचकाने त्या चित्रात जो चाबूक पाहिला, तो १९४९ मध्ये शंकर यांनी काढलेलाच होता, पण त्याच्या आठवणीतला चाबूक त्याहून कितीतरी जुना होता. उच्चवर्णीयाच्या हातातला चाबूक आणि पुढे पाठ केलेले बाबासाहेब, हे दृश्य त्याच्या लेखी रूपक राहत नाही. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातील वृत्तपत्रांतून आंबेडकरांची शंभराहून अधिक व्यंगचित्रे जमवून २०१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत बाबासाहेबांना वारंवार खुजे, बालिश वा हास्यास्पद केलेले दिसते. ती सलग पाहिली म्हणजे २०१२ चा संताप एका चित्राविरुद्धचा नव्हता, तो एका साठलेल्या हशाविरुद्धचा होता, हे ध्यानात येते.

यावरून मोडतोड समर्थनीय ठरत नाही. वाचनाला उत्तर वाचनाने द्यावे लागते, आणि याचा वस्तुपाठ खुद्द बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. दिरंगाईची टीका त्यांच्या कानांवर होतीच. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधानसभेतील भाषणात त्यांनी तिला आकड्यांनी उत्तर दिले. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे सांगून त्यांनी इतर देशांना लागलेल्या काळाशी तुलना केली. नझिरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीला 'भरकटणारी समिती' अशा अर्थाचे इंग्रजी शाब्दिक टोपणनाव ठेवले होते. त्याचीही त्यांनी शांतपणे दखल घेतली. परिस्थितीवर ताबा ठेवून वाहणे वेगळे आणि ताबा सुटून वाहणे वेगळे, असा भेद करून त्यांनी ती कोटी ज्याची त्याला परत केली.

आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न तेथेच पोहोचतो. इंग्रजीत गोगलगाय म्हणजे मंदगती. मराठी माणसाच्या तोंडी आधी येते ती 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण. मंदपणासाठी आपल्याकडे कासव आहे, मुंगी आहे. ज्याच्या डोक्यात ही म्हण आहे, त्याला चित्रातील गोगलगाय निराळीच दिसते. वरून ती गरीब वाटते, पण तिचे पाय आत आहेत. फटक्यांनी ती पळणार नाही, तिच्या वेगानेच चालेल आणि पोहोचेल. शंकर यांना हा अर्थ अभिप्रेत नसेल. तरी तो चित्रात आहे, कारण तळेघरचा वाचक तो घेऊन आला आहे.

त्या दिवशी वर्गात एक मुलगी हसली नव्हती. तास संपल्यावर ती म्हणाली, "सर, ती मागची गर्दी नक्की कोणाला बघतेय?" आम्ही त्या गर्दीकडे तोवर लक्षच दिले नव्हते. तेव्हापासून आम्ही हे चित्र वर्गात दाखवतो ते एकाही शब्दाच्या प्रस्तावनेविना. प्रथम काय दिसले, हे प्रत्येकाने वहीत लिहायचे. मग सर्व उत्तरे मोठ्याने वाचायची आणि त्यानंतर २५ नोव्हेंबरचे भाषण वाचायचे. उत्तरे कधी जुळत नाहीत. कोण हसले नाही, याची नोंद आम्ही आता आधी करतो.